आठ लाल आकडे

पहिल्या दवाखान्यातून निघताना माझ्या हातात एक छापील कागद होता. डावीकडे मापांची नावं, मग माझा आकडा, मग 'नॉर्मल' आणि शेवटी फरक. फरक जास्त असेल तिथे आकडा लाल. माझ्या कागदावर आठ आकडे लाल होते.

मी कोल्हापुरात नववी-दहावीला गणित शिकवते. वय अडतीस. गेल्या पाच-सहा वर्षांत खालचे पुढचे दात एकमेकांवर चढत गेले होते. एक दात तर इतका फिरला की त्याच्या मागे ब्रश पोचेना आणि हिरडीतून रक्त यायला लागलं. दात साफ करून देणाऱ्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, आता हे सरळ करून घ्या, नाहीतर हिरडी जाईल. म्हणून मी गेले होते. चेहरा बदलायला गेले नव्हते.

त्या दवाखान्यात सगळं फार लवकर झालं. यंत्रात उभी केली, दोन्ही कानांत प्लास्टिकच्या काड्या हलकेच बसवल्या, "दात मिटा, ओठ सैल सोडा, हलू नका" म्हणाले आणि डोक्याचा बाजूने एक्स-रे झाला. याला सेफॅलोग्राम म्हणतात. पंधरा मिनिटांत संगणकाने त्यावर रेघा मारल्या, कोन मोजले आणि तो कागद छापून दिला. डॉक्टर म्हणाले, "दात पुढे आहेत, ओठही पुढे आहेत. वरच्या दोन, खालच्या दोन अशा चार उपदाढा काढू, पुढचे दात मागे घेऊ. हनुवटीचं नंतर बघता येईल." मग पडद्यावर त्यांनी माझाच फोटो दाखवला, ओठ मागे घेतलेला. ती बाई देखणी होती. पण ती आमच्या घरातली नव्हती. माझ्या आईचे, तिच्या आईचे, माझ्या मामांचे ओठ असेच भरलेले आहेत. मी फोटो घरी दाखवला तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुणाची गं?"

रात्री वह्या तपासून झाल्यावर तो कागद पुढे घेतला. आकडे दिसले की मला स्वस्थ बसवत नाही. नाकाच्या मुळापासून वरच्या जबड्यावरच्या एका बिंदूपर्यंत एक रेघ, खालच्या जबड्यावरच्या बिंदूपर्यंत दुसरी. त्या दोन रेघांमधला कोन माझा 3 अंश, नॉर्मल 2. हा काळा होता. वरचा पुढचा दात पहिल्या रेघेशी 30 अंशांत झुकलेला, नॉर्मल 22. लाल. खालचा दात दुसऱ्या रेघेशी 33 अंशांत, नॉर्मल 25. लाल. वरच्या आणि खालच्या दाताचा आपसातला कोन 114, नॉर्मल 131. लाल.

मी आकृती काढली आणि बेरीज करून पाहिली. 3 + 30 + 33 + 114 = 180. नॉर्मलच्या रकान्यातही 2 + 22 + 25 + 131 = 180. तो योगायोग नाही, चार रेघांची ती भूमितीच आहे. म्हणजे पहिले तीन कोन ठरले की चौथ्याला स्वतःचं असं काही सांगण्यासारखं उरतच नाही. दोन्ही दात झुकलेले आहेत असं एकदा म्हटल्यावर त्यांच्यातला कोन कमी निघणारच. खाली आणखी एक त्रिकोण होता, जबड्याच्या कडेशी केलेला. माझे कोन 27, 101, 52, नॉर्मल 25, 90, 65. यातले 101 आणि 52 लाल. त्रिकोणाचे तीन कोन, बेरीज पुन्हा 180. उरलेले तीन लाल आकडे मिलिमीटरचे. वरचा दात त्याच्या रेघेच्या 4 ऐवजी 7 पुढे, खालचा 4 ऐवजी 8 पुढे, आणि नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत ओढलेल्या रेघेच्या खालचा ओठ 2 मागे असण्याऐवजी 2 पुढे.

आठ लाल आकडे म्हणजे आठ दोष नव्हते. दात आणि ओठ पुढे आहेत, एवढी एकच गोष्ट आठ वाटांनी सांगितली होती. तरीही कागद हातात घेणाऱ्याला वाटतं की आपल्या तोंडात आठ ठिकाणी बिघाड आहे. मलाही दवाखान्यात तसंच वाटलं होतं, आणि तिथल्या तिथे होकार द्यायची वेळ आली असती तर मी दिलाही असता. याचा मला आजही राग येतो. माणूस घाबरतो तो आकड्यांच्या संख्येला.

दुसरा प्रश्न मात्र भूमितीने सुटणारा नव्हता. 131 नॉर्मल, पण कुणाचं?

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला एका दंत महाविद्यालयातल्या, दात सरळ करणाऱ्या विभागात जायला सुचवलं. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी माझी केस बघणार होती आणि वर तिचे सर होते. तिथलं काम सावकाश. गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात धरून दातांची मापं घेतली, त्यावरून प्लास्टरचे साचे केले, समोरून, बाजूने, हसताना असे फोटो काढले. एक्स-रे पुन्हा काढला नाही, पहिल्या दवाखान्यातलाच मागवून घेतला. आणि संगणक बाजूला ठेवून त्या मुलीने एक्स-रेची प्रत लाईट बॉक्सवर लावली, वर पारदर्शक कागद चिकटवला आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने माझं डोकं गिरवायला घेतलं. मी शेजारी बसून बघितलं. बसू दिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कवटीच्या तळाशी घोड्याच्या खोगीरासारखा एक खोलगट भाग असतो. त्याचं नावच तुर्की खोगीर असं आहे. त्याच्या मध्यावर पहिला बिंदू. नाकाचं हाड कपाळाच्या हाडाला जिथे मिळतं तिथे दुसरा. मग डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड, या दोन बिंदूंमधून जाणारी आडवी रेघ. तिला फ्रँकफर्टची रेघ म्हणतात, कारण कवट्या मोजणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांनी ती 1880च्या दशकात त्या शहरात एकमताने ठरवली. खालच्या दाताच्या मुळाचं टोक शोधायला मुलीला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेजारच्या दातांची मुळं त्यावर येतात, नेमकं टोक कुठलं ते दिसत नाही, आणि तिथे थोडी चूक झाली तरी दाताचा कोन दोन-तीन अंशांनी हलतो. म्हणून तिने आठवड्याने तोच एक्स-रे नव्या कागदावर पुन्हा गिरवला आणि दोन्ही मापं ताडून पाहिली. छापील कागदावरचा 33 हा आकडा किती पेन्सिलींतून, किती डोळ्यांतून जातो हे मला तेव्हा कळलं.

मी सरांना तो प्रश्न विचारला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही, खुर्ची ओढून बसले.

असा मोजूनमापून एक्स-रे काढायची पद्धत 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राथ यांनी मांडली. मग प्रश्न आला की चांगला चेहरा म्हणजे कोणते कोन. डाउन्स यांनी 1948 साली जो पहिला मोठा तक्ता दिला तो बारा ते सतरा वर्षांच्या, उत्तम दातांच्या वीस गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवरून. वीस! मी वर्गात सरासरी शिकवताना सांगते की वर्गातल्या वीस जणांच्या उंचीवरून अख्ख्या जिल्ह्याची उंची सांगू नका. माझ्या कागदावर ज्यांचे आकडे होते ते स्टायनर 1953चे, तेही अमेरिकेतले, आणि त्रिकोण ट्वीड यांचा, ॲरिझोनातल्या डॉक्टरांचा. या माणसांनी खोटं काही केलं नव्हतं. समोर जे पेशंट होते त्यांच्यासाठी त्यांनी मोजलं. दोष आपला, की आपण रकान्याच्या डोक्यावरची 'गोरे अमेरिकन' ही अक्षरं पुसून तिथे 'नॉर्मल' एवढंच ठेवलं.

आणि ही शंका आपल्याकडेच पहिल्यांदा आली असंही नाही. डाउन्स यांच्यानंतर तीनच वर्षांनी, 1951 साली, अमेरिकेतल्याच कॉटन, टाकानो आणि वाँग या तिघांनी तीच मापं अनुक्रमे कृष्णवर्णीय, जपानी वंशाच्या आणि चिनी वंशाच्या अमेरिकनांवर घेऊन पाहिली, आणि चांगल्या दातांच्या या माणसांचे आकडे त्या तक्त्यात बसत नाहीत हे दाखवलं. भारतात नंदा आणि नंदा यांनी उत्तर भारतीयांचा अभ्यास 1969 साली छापला, वालियाथन यांनी भारतीय प्रौढांवर डाउन्स यांची मापं 1974 साली. त्यानंतर गावोगावच्या दंत महाविद्यालयांतून असे अभ्यास होत आले. सर म्हणाले, बहुतेकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्याकडे दात वाकडे नसलेल्या, तोंड नीट मिटणाऱ्या माणसांचेही पुढचे दात त्या तक्त्यापेक्षा जरा जास्त झुकलेले असतात आणि ओठ जरा पुढे.

मला आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली आणि ती मी विसरू शकत नाही. पेक आणि पेक यांनी 1970 साली अमेरिकेतल्याच सौंदर्यस्पर्धांच्या विजेत्या, मॉडेल आणि नटनट्या यांचे चेहरे मोजले. लोकांनी ज्यांना सुंदर ठरवलं होतं त्यांची तोंडं दातांच्या डॉक्टरांच्या तक्त्यापेक्षा भरलेली निघाली. म्हणजे तो तक्ता गोऱ्या अमेरिकनांच्या स्वतःच्या आवडीशीही पुरता जुळत नव्हता.

मी म्हटलं, मग आता भारतीय तक्ता लावा, माझे लाल आकडे काळे होतील.

"काही होतील, काही नाही होणार," सर म्हणाले. "पण बाई, भारतीय म्हणजे कोण? केरळचा, पंजाबचा, नागालँडचा? बरं, महाराष्ट्रातलाच म्हणा. महाराष्ट्रातला कोण?"

इथे मला इरावती कर्वे आठवल्या. आम्ही त्यांना कॉलेजात ललित लेखिका म्हणून वाचलं. माणसं मोजणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून त्या मला फार नंतर कळल्या. 1927 साली त्या बर्लिनला गेल्या आणि वंशांची उच्चनीचता मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत, त्यांच्याच हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर प्रबंध लिहिला. फिशर यांची अपेक्षा होती की हा फरक वंशानुसार बदललेला दिसेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. त्या काळात, त्या संस्थेत, परदेशातून आलेल्या एका तरुण बाईने. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजातींतल्या माणसांची डोकी, नाकं, चेहरे मोजले आणि वि. म. दांडेकरांबरोबर ती मापं 1951 साली प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या निघतात, हे त्या सांगत राहिल्या. महाराष्ट्र हा एक रकाना करायला सोपा नाही हे आपल्याच मातीतल्या बाईने इतक्या आधी मोजून ठेवलं आहे आणि मी ते कधी दातांशी जोडलं नव्हतं.

निर्णय शेवटी तक्त्याने झालाच नाही. सरांनी मला खुर्चीत सरळ बसवलं, पाणी प्यायला दिलं, शाळेबद्दल काहीबाही विचारलं आणि बोलणं संपल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी सहज गप्प बसले असताना ओठ मिटतात का, आणि मिटताना हनुवटीची कातडी ताणून तिच्यावर खळगे पडतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. माझे ओठ आपोआप मिटत होते. हनुवटी सैल होती. खालची दाटी साच्यावर मोजली ती 3 मिलिमीटर. मग साच्यावरच वरच्या सहा पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज केली, 46 मिलिमीटर, आणि खालच्या सहांची, साडेछत्तीस. बोल्टन यांच्या 1958च्या गणिताप्रमाणे खालची बेरीज वरच्या बेरजेच्या 77.2 टक्के असावी. माझी 79च्या थोडी वर. खालचे दात वरच्यांच्या मानाने साधारण एक मिलिमीटर जास्त रुंद. हेही 77.2 अमेरिकेतल्याच 55 साच्यांवरून आलंय, हे मुलीने मी न विचारताच सांगितलं. पण इथे आकड्याच्या जोडीला डोळ्यांना दिसणारं कारण होतं. वरचे दात नीट आणि दाटी सगळी खाली.

म्हणून ठरलं की एकही दात काढायचा नाही. खालच्या दातांच्या मधून खरखरीत पातळ पट्टी फिरवून सगळं मिळून 2 मिलिमीटर जागा करायची आणि उरलेली जागा दातांची कमान किंचित रुंदावून मिळवायची.

माझी गोष्ट वाचून कुणी असं समजू नये की दात काढायला सांगणारे डॉक्टर चुकतातच. माझ्या भाच्याचं बघा. सोळा वर्षांचा, त्याचे आकडे माझ्या आकड्यांना फार जवळचे. पण त्याला तोंड मिटायला जोर लावावा लागायचा, हनुवटीवर खळगे पडायचे, झोपेत तोंड उघडं राहून हिरड्या कोरड्या पडायच्या. त्याच विभागात, त्याच सरांनी त्याच्या चार उपदाढा काढायला सांगितल्या. आज त्याचे ओठ न ताणता मिटतात आणि ते बघून माझ्या बहिणीचं मन भरून येतं. आकडे सारखे, उपचार वेगळे, आणि दोन्ही बरोबर.

उपचाराला दीड वर्ष लागलं. त्यातलं फार सांगण्यासारखं नाही. दाढांच्या मध्ये निळ्या रबरी कड्या घातल्या, आठवडाभर भाकरी चावता आली नाही. मग पट्ट्या, दातांवर चिकटवायचे खाचेचे छोटे तुकडे म्हणजे ब्रॅकेट, आणि त्यांतून जाणारी तार. पहिल्या तारेच्या टोकाने गालाला जखम झाली, मेण लावून तास घेतले. मुलांनी पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी विसरली. भडंग आणि भाजलेलं कणीस बंद, बाकी काही अडलं नाही.

एका भेटीत कळलेली गोष्ट मात्र लिहायलाच हवी. ब्रॅकेटच्या खाचेतही आकडे भरलेले असतात. अँड्र्यूज यांनी 1972 साली, कधीच उपचार न झालेल्या उत्तम दातांच्या 120 साच्यांवरून चांगल्या दातांच्या सहा खुणा मांडल्या आणि त्यातून पुढे तयार कोनांचे ब्रॅकेट आले. वरच्या मधल्या दाताच्या मुळाचा कल किती हवा तर अँड्र्यूज यांच्या ब्रॅकेटमध्ये 7 अंश, रॉथ यांच्या 12, नंतरच्या, तीन डॉक्टरांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या एमबीटी पद्धतीत 17. सरळ तार घातली की ती दाताला त्या कोनाकडे नेते. म्हणजे तक्ता कपाटात ठेवून दिला तरी तो ब्रॅकेटमधून दातावर येऊन बसतो. म्हणून शेवटच्या काही महिन्यांत मुलगी माझी तार पक्कडीने जरा वळवून घालायची आणि का वळवते ते सांगायची.

तारा निघाल्या, आत न दिसणारी एक बारीक तार कायमची चिकटवली. शेवटचा एक्स-रे मुलीने पुन्हा हाताने गिरवला आणि पहिल्या कागदावर ठेवून दाखवला. वरच्या-खालच्या दातांमधला कोन 116. छापील कागदावर तो अजून लालच असता. फिरलेला दात सरळ आहे, त्याच्या मागे ब्रश पोचतो, रक्त येत नाही. आईने तोंडाकडे बघून नुसती मान डोलावली.

त्या दिवशी माझा मावसभाऊ मला न्यायला आला होता. चोवीस वर्षांचा, दात जन्मापासून एका रांगेत. मुलीचं लक्ष गेलं. ती प्रबंधासाठी महाराष्ट्रातल्या उत्तम दातांच्या, कधी उपचार न घेतलेल्या तरुणांची मापं घेत होती. कशासाठी, किती किरण, नाही म्हणायची मुभा, हे सगळं छापलेली दोन पानं तिने त्याला दिली. त्याने ती पूर्ण वाचली आणि हो म्हणाला. मग फॉर्म. मातृभाषा, आई-वडिलांचं गाव, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचं गाव आणि भाषा. त्याला आठवेना म्हणून आम्ही माझ्या आईला फोन लावला.

"आपली आजी ना? निपाणीच्या पलीकडची," आई म्हणाली. "घरात कानडीच बोलायची. मराठी इथे आल्यावर शिकली."

मुलीचं पेन थांबलं. चारही आजी-आजोबा मराठी भाषक हवेत असा तिचा निकष होता, आणि निकष आधी लिहून मंजूर करून घेतलेला, मध्येच बदलता येत नाही. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. तिने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नियमाने वागा. पण कारण नोंदवून ठेवा, किती जण असे सुटतात ते शेवटी मोजू." तिने वहीच्या मागच्या पानावर आधीच केलेल्या यादीत खाली आणखी एक ओळ लिहिली, आजीची मातृभाषा कन्नड. मी डोकावून पाहिलं. त्या पानावर जागा थोडीच उरली होती.